आठ आणि आठ सोळा: पतसंस्थेचा डेटाबेस बदलताना

जानेवारीत मला असं काही वाचायला मिळालं असतं तर माझे चार रविवार आणि थोडी झोप वाचली असती. म्हणून हे लिहितेय. आमच्यासारख्या छोट्या संस्थेत मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर (दोन्ही डेटाबेस चालवणारी सॉफ्टवेअरं) जायचं कुणाच्या नशिबी आलं, आणि जुन्या टेबलात एकाच आकड्यात दहा गोष्टी कोंबलेल्या असल्या, तर निदान कुठं ठेच लागते ते आधी कळावं.

मी बेळगावातल्या एका मध्यम पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि कॅश काउंटरमागची काचेची खोली. शिक्षण एमसीए, माहेर निपाणी, नोकरीला सतरा वर्षं झाली. शाखा पाच: शहापूर, टिळकवाडी, खानापूर, संकेश्वर आणि निपाणी. सभासद साडेतेरा हजारांच्या आसपास. काउंटरवर अर्धी वाक्यं मराठीत, अर्धी कन्नडमध्ये, आणि भांडण असलं तर दोन्हीत. ही भाषेची गोष्ट पुढं येणार आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑडिटरनी शेरा मारला की डेटाबेस जुना आहे, त्याला आता निर्मात्याचा आधार नाही. खरंच होतं. आमचं मायएसक्यूएल ५.५, त्याचा आधार डिसेंबर २०१८ मध्येच संपलेला. शेरा आला की त्याला उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडं त्या कागदाला सगळे 'अनुपालन वरदी'च (वरदी म्हणजे कन्नडमध्ये अहवाल) म्हणतात, मराठी माणसंसुद्धा. खरं तर मायएसक्यूएलचीच नवी आवृत्ती घातली असती तर काम निम्म्यात झालं असतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण संस्थेनं कर्जासाठी जे नवं सॉफ्टवेअर ठरवलं ते फक्त पोस्टग्रेसवर चालतं. विषय तिथंच संपला.

६ जानेवारीला सोमवारी मी यादी करायला बसले. नवं सॉफ्टवेअर विक्रेत्याचं, पण आमचे स्वतःचे रिपोर्ट होते ८३. थकबाकी, नोटिसा, ठेवींचं व्याज, सभेची पत्रं, सगळं मी आणि माझ्या आधीच्या माणसानं मिळून वर्षानुवर्षं लिहिलेलं. त्यातल्या ४१ क्वेऱ्यांत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नांत, 'खुणा' नावाचा कॉलम होता. तिथंच पोटात गोळा आला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझी आजी धान्य मापायची ते आठवा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी, दोन अडशिरी म्हणजे पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. आता नियम असा घाला की प्रत्येक माप एकदाच वापरायचं. मग कुणी नुसतं 'अकरा चिपटी' म्हटलं तरी न बघता सांगता येतं: एक अडशिरी, एक मापटं, एक चिपटं. दुसरा कुठलाच मेळ बसत नाही. बिटांच्या खुणा म्हणजे हेच, एकेक माप म्हणजे एकेक बिट. आमच्याकडं १ म्हणजे पत्रव्यवहार मराठीत, तो नसला तर कन्नडमध्ये. २ म्हणजे नॉमिनी नोंदवलाय. ४ म्हणजे केवायसी पूर्ण. ८ म्हणजे थकबाकीदार. १६ म्हणजे कुणाला तरी जामीन राहिलाय. ३२ म्हणजे ज्येष्ठ नागरिक, ठेवीवर अर्धा टक्का जास्त. ६४ म्हणजे मयत, वारसाचं काम चालू. १२८ म्हणजे एसएमएस पाठवू नका. सगळ्यांची बेरीज एकाच आकड्यात. आणि & हे चिन्ह म्हणजे 'ह्या राशीत अडशिरी आहे का?' एवढाच प्रश्न.

हे कुणी असं का केलं असेल? तेव्हा डिस्क महाग होती, आणि नवा कॉलम घालायचा तर जुना विक्रेता प्रत्येक वेळी पैसे मागायचा. खुणेला पैसे पडत नव्हते. मी त्या माणसाला नावं ठेवत नाही.

१८ जानेवारीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत टिपणी ठेवली. तीन दरपत्रकं लागतात. पुण्याच्या एका सल्लागाराचं आलं २ लाख ४० हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ८३ हजार २००. चेअरमन साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "तुला जमतंय काय, बघ की." मी हो म्हटलं. ठराव झाला: एक नवं यंत्र ६२ हजारांपर्यंत, यूपीएसच्या बॅटऱ्या ११ हजार, आणि गरज पडली तर बाहेरचा माणूस दिवसाच्या बोलीनं. पोस्टग्रेसला स्वतःला एक रुपया लागत नाही, हे ठरावात लिहून घ्या. आमच्या अकाउंटंटनी नंतर 'परवान्याचं बिल कुठाय?' म्हणून दोनदा विचारलं होतं.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात यायला अकरा दिवस गेले. यंत्र यायला आणखी सात.

९ फेब्रुवारी, रविवार, पहिला प्रयोग. डेटा हलवायला पीजीलोडर नावाचं फुकट साधन आहे. साडेतेरा हजार सभासद आणि दहा वर्षांचे व्यवहार चाळीस मिनिटांत पलीकडं गेले. मी खुशीत चहा मागवला. चहा येईपर्यंत खुशी संपली होती. सभासदांचा वर्ग, म्हणजे अ, ब, क, आम्ही १, २, ३ असा टायनीइंट(१) नावाच्या छोट्या आकड्याच्या प्रकारात ठेवलेला. पीजीलोडर त्या प्रकाराला आपणहून बूलियन, म्हणजे नुसतं खरं किंवा खोटं, करतं. शून्य म्हणजे खोटं, बाकी काहीही असो, खरं. अ वर्ग खरा, ब वर्ग खरा, क वर्गही खरा. नाममात्र सभासदांना मतदानाचा हक्क देऊन टाकला म्हणा ना एका दुपारी. उपाय सोपा आहे: त्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये टायनीइंटला स्मॉलइंट (साधा छोटा आकडा) कर असं आधीच सांगायचं. पण ते लोड करण्याआधी माहीत असायला हवं. नंतर खरं-खोट्यातून १, २, ३ परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली क्वेरी चालवली. क्वेऱ्या इथं देवनागरीतच लिहिते, अर्थ कळला की पुरे. ही म्हणते, ज्यांच्या खुणांत ८ आहे त्यांची नावं दे:

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर खुणा & ८

पोस्टग्रेसनं सरळ नकार दिला. व्हेअरपुढं बूलियन पाहिजे, तुम्ही इंटिजर, म्हणजे आकडा, दिलाय. मायएसक्यूएल ह्या बाबतीत गावाकडच्या मामासारखं आहे, समजून घेतं: उत्तर शून्य आलं तर नाही, आठ आलं तर हो. पोस्टग्रेसला सही-शिक्का लागतो. 'खुणा & ८' ही संख्या आहे, हो किंवा नाही नव्हे; हो-नाही पाहिजे तर तुलना लिहा, म्हणजे 'उत्तर शून्य नाही ना?':

व्हेअर (खुणा & ८) <> ०

अशा चुका मला आवडतात. ओरडून सांगतात, लाल अक्षरात येतात, दुरुस्त करून पुढं जाता येतं. ४१ पैकी २९ क्वेऱ्या अशाच ओरडल्या. हुबळीत ओरॅकलवर (तोही एक डेटाबेस) काम करणारी माझी एक मैत्रीण आहे, तिला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. त्यांच्याकडं & हे चिन्ह ह्या कामाला नाहीच, बिटअँड नावाचं फंक्शन लिहावं लागतं; आणि एसक्यूएलप्लस ह्या त्यांच्या क्वेऱ्या लिहायच्या खिडकीत चुकून & टाइप केलं तर ते 'ह्याची किंमत सांगा' म्हणून उलट तुम्हालाच विचारत बसतं.

तर २९ क्वेऱ्या. आणि इथं मी ती चूक केली जिच्यासाठी हा सगळा लेख आहे. रात्रीचे साडेआठ, मुलाची परीक्षा, घरून दोनदा फोन. मी एकेक क्वेरी न वाचता शोधा-आणि-बदला करून सगळीकडं शेवटी '<> ०' चिकटवलं. लाल अक्षरं गेली. सगळ्या क्वेऱ्या चालल्या. मी दिवे मालवून घरी गेले.

पुढच्या रविवारी, १६ फेब्रुवारीला, खुणा बदलणाऱ्या क्वेऱ्या घेतल्या. इथं बेळगावातलाच एक तरुण इंजिनिअर मदतीला आला, दिवसाला ३ हजार. त्याच्यामुळं ^ चा घोळ सापडला. सभासदानं अर्ज दिला की पत्रं मराठीऐवजी कन्नडमध्ये पाठवा, किंवा उलट, तर आमची क्वेरी होती: खुणा = खुणा ^ १. मायएसक्यूएलमध्ये ^ म्हणजे बिट उलटवणं. असेल तर काढ, नसेल तर घाल. पोस्टग्रेसमध्ये ^ म्हणजे घात. शाळेतला वर्ग-घन वाला घात! उलटवायला तिथं # लागतं.

आता बघा गंमत. कुठल्याही संख्येचा पहिला घात म्हणजे तीच संख्या. क्वेरी चालते, 'एक ओळ बदलली' असं सांगते, आणि काहीही बदलत नाही. माणूस अर्ज देऊन, पोच घेऊन घरी जाणार आणि पुढची नोटीस परत त्याच भाषेत येणार. सीमाभागात हे किती महागात पडतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. नॉमिनीच्या खुणेचं तर आणखीच: ज्याच्या खुणा ७, त्याची नॉमिनीची खूण उलटवली की ५ व्हायला पाहिजे. पोस्टग्रेसनं केले ७ चा वर्ग, ४९. म्हणजे ३२ अधिक १६ अधिक १. नॉमिनी काढायला आलेला माणूस ज्येष्ठ नागरिक आणि जामीनदार होऊन परत गेला, वर त्याची केवायसीही गेली. १२८ च्या खुणेवर मात्र आकडा एवढा फुगतो की इंटिजरमध्ये मावत नाही आणि चूक बाहेर येते. तीच एक ओरडली, तिच्यामुळं बाकीच्या सापडल्या.

खूण काढून टाकायची 'खुणा & ~८' ही पद्धत दोन्हीकडं सारखीच चालते. पण मी उगाच ~८ (म्हणजे ८ सोडून बाकी सगळे बिट) एकटं छापून बघितलं आणि दचकले. मायएसक्यूएल म्हणालं १८४४६७४४०७३७०९५५१६०७, पोस्टग्रेस म्हणालं -९. आतले बिट तेच, फक्त एक त्यांना बिनचिन्हाचे ६४ बिट समजतो, दुसरा चिन्हासकट वाचतो. & लावल्यावर उत्तर एकच येतं. घाबरू नका, पुढं चला.

मार्चमध्ये काहीच केलं नाही. वर्षअखेर असताना डेटाबेसला हात लावणाऱ्याला आमचे मॅनेजर साहेब जेवणसुद्धा घालणार नाहीत. ३१ मार्च गेला, नफ्याची पत्रकं गेली, आणि १३ एप्रिलला परत बसलो.

त्या दिवशी डेटाची पडताळणी केली. प्रत्येक खुणेसाठी दोन्हीकडं मोजणी: ८ असलेले इकडं किती, तिकडं किती, १६ चे किती. सगळ्या खुणांची एकूण बेरीजसुद्धा. पैसा न् पैसा जुळला. फक्त एक गोष्ट विचित्र दिसली. १६ ची खूण, म्हणजे जामीनदार, असलेल्यांपैकी ३१ जणांची जामीन रजिस्टरच्या टेबलात नोंदच नव्हती. दोन्हीकडं तेच ३१. म्हणजे हलवताना झालेलं नाही, आधीपासूनचं आहे.

त्या तरुणानं जुना कोड उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हे बघा. खूण घालताना बेरीज केलीय." खुणा = खुणा + ८. खरं तर | पाहिजे होतं, 'खुणा | ८', ते कितीदा केलं तरी एकदाच लागतं. बेरजेचं तसं नाही. थकबाकीदार म्हणून एकाच माणसाला दोन शाखांतून दोनदा शिक्का बसला की आठ आणि आठ सोळा. अडशिरीवर अडशिरी ओतली, पायली झाली. थकबाकीची खूण गेली आणि जामीनदाराची आली. ३१ थकबाकीदार वर्षानुवर्षं नोटिशीविना बसून होते, वर कुणाचे तरी जामीनदार म्हणून मिरवत होते.

मग मी ३२ पण तपासली. जन्मतारखेशी ताडून. एक सभासद वय ३४, ज्येष्ठ नागरिक. तो खरंच जामीनदार होता आणि थकबाकीदारही. १६ अधिक ८ म्हणजे २४, वर दुसरा शिक्का ८, झाले ३२. ठेवीवर अर्धा टक्का जास्त घेत होता बिचारा, त्याला स्वतःलाही माहीत नसणार.

मला लगेच दुरुस्त करायचा मोह झाला. मॅनेजर साहेबांनी थांबवलं, आणि ते बरोबर होते. डेटा हलवताना डेटा सुधारायचा नाही. जसाच्या तसा, चुकांसकट न्यायचा; नाहीतर उद्या आकडे जुळले नाहीत तर दोष कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या ३१ आणि १ ची वेगळी यादी करून सही घेऊन फाइलला लावली.

आता २८ एप्रिल, सोमवार. हा दिवस मी विसरणार नाही.

थकबाकीच्या नोटिशीचा रिपोर्ट नव्या यंत्रावरून छापून बघत होते. छपाई कागदावर नीट बसतेय का एवढंच बघायचं होतं, म्हणून पहिली ५० नावंच काढली. आमच्या वसुली विभागातला मुलगा शेजारी उभा होता. घरी कन्नड, ऑफिसात दोन्ही, मला अक्का म्हणतो. त्यानं कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि हसत म्हणाला, "अक्का, नम्म मंदी यारू बाकी इल्लेन?" आमची माणसं कुणीच थकीत नाहीत काय?

मी कागद ओढून घेतला. आडनावावरून भाषा ओळखायचा धंदा आमच्याकडं धोक्याचाच, पण तो म्हणत होता ते खरं होतं. पन्नासच्या पन्नास मराठीतून पत्रं घेणारे. आणि त्याला तोंडपाठ असलेले शहापूरचे दोघे, ज्यांच्या दारात तो आठवड्याला एकदा जातो, ते यादीत नव्हतेच. "आणि हे तिसरे काका? ह्यांनी तर हप्ता कधी चुकवलाच नाही." तो आता हसत नव्हता.

क्वेरी उघडली. जुन्या माणसाची एक सवय होती: काही ठिकाणी तो ८ न लिहिता '१ ला तीन घरं सरकव' (दर घराला दुप्पट: २, ४, ८) असं लिहायचा.

व्हेअर खुणा & १ << ३

आणि माझ्या रात्रीच्या शोधा-आणि-बदलानंतर:

व्हेअर खुणा & १ << ३ <> ०

मायएसक्यूएलमध्ये << चा मान & पेक्षा मोठा. आधी १ तीन घरं सरकतो, ८ होतो, मग खुणांशी ताडला जातो. पोस्टग्रेसमध्ये <<, & आणि | तिघं एकाच पंगतीला बसतात, डावीकडून जो आधी त्याला आधी वाढायचं. म्हणून तिथं ते झालं (खुणा & १) << ३. आधी बघितलं '१ आहे का', म्हणजे पत्रव्यवहार मराठीत आहे का. असला तर तो १ तीन घरं सरकून ८. नसला तर ०. उत्तर ८ किंवा ०, अगदी हवं तसंच दिसणारं! '= ८' लिहिलं असतं तरी ते बिनबोभाट पास झालं असतं. माझ्या क्वेरीनं थकबाकीदार विचारलेच नव्हते, मराठीत पत्र घेणारे विचारले होते.

म्हणजे मी बेळगावात बसून 'सगळे मराठी थकबाकीदार, एकही कन्नड नाही' अशी नोटिशीची यादी छापत होते. ती टपालात पडली असती तर? १ नोव्हेंबरची, म्हणजे राज्योत्सवाची आणि काळ्या दिवसाची, वाटसुद्धा बघायला लागली नसती. मॅनेजर साहेबांना सांगितलं तर त्यांनी आधी खोलीचं दार लावलं.

सगळ्यात लागलं ते असं. त्या क्वेरीनं फेब्रुवारीत ओरडून सांगितलं होतं. बूलियन पाहिजे म्हणून लाल अक्षरात उभी राहिली होती. तेव्हा मी तिच्यासमोर दोन मिनिटं बसले असते तर << दिसलं असतं. मी तिचं तोंड बंद केलं आणि ती गुपचूप चुकायला लागली. आणि १३ एप्रिलच्या पडताळणीनं हे पकडलं नाही, कारण मोजणीच्या क्वेऱ्या मी नव्यानं, सरळ ८ लिहून केल्या होत्या. डेटा बरोबर होता. प्रश्न विचारण्यात चूक होती.

म्हणून पुढचे दोन रविवार एकच काम: ८३ च्या ८३ रिपोर्ट दोन्ही यंत्रांवर पूर्ण चालवायचे, पन्नास ओळींची मर्यादा न घालता, सभासद क्रमांकानं क्रम लावून फाइलमध्ये काढायचे आणि ओळ-ओळ ताडायच्या. सहा रिपोर्टांत फरक निघाला. चारांत हेच << प्रकरण. एकात | आणि & कंसाशिवाय एकत्र लिहिलेले; मायएसक्यूएल & आधी करतं, पोस्टग्रेस डावीकडून. उदाहरणच घ्यायचं तर १ | २ & ४ एकीकडं १ येतं, दुसरीकडं ०. सहाव्यात एकाच घरातल्या सभासदांच्या खुणा बिट_ऑर नावाच्या फंक्शननं एकत्र केलेल्या. जुळणारी ओळच नसली तर मायएसक्यूएल ० देतं आणि पोस्टग्रेस नल, म्हणजे रिकामं. रिकाम्याच्या जागी ० घालणारं कोअलेस लावलं, झालं. आणखी एक बारीक गोष्ट जाता जाता: जुन्या क्वेऱ्यांत कुणी 'किंवा' म्हणून || लिहिलं असेल तर ते शोधाच, पोस्टग्रेसमध्ये ते अक्षरं जोडायचं चिन्ह आहे.

माझा नियम आता एकच: बिटांच्या चिन्हाभोवती कंस. गरज असो नसो. कंसाला पैसे पडत नाहीत.

त्या तरुणाचं म्हणणं होतं की हा खुणांचा कॉलमच मोडीत काढा, प्रत्येक खुणेला स्वतंत्र बूलियन कॉलम द्या. तत्त्वतः त्याचंच बरोबर. पण नव्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तो आकडा जसाच्या तसा आपल्या पडद्यांना जोडलेला, ते तिथंच लिहिणार. मग मधला मार्ग काढला. एक व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी, केला, त्यात 'थकबाकीदार', 'जामीनदार', 'पत्र_मराठीत' अशा नावांचे कॉलम, आत तोच (खुणा & ८) <> ०. सगळे रिपोर्ट आता व्ह्यूवरून चालतात; & हे चिन्ह आमच्याकडं एकाच ठिकाणी उरलंय. त्या तरुणाला अर्धवट इंडेक्सही (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) करायचा होता, फक्त थकबाकीदारांपुरता. पोस्टग्रेसमध्ये तो होतो आणि लाखो ओळी असल्या तर करावाच, फक्त क्वेरीतली अट इंडेक्समधल्या अटीशी जुळली पाहिजे. साडेतेरा हजार ओळींना मी नको म्हटलं. यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत येते, आणखी काय पाहिजे?

शेवटचं स्थलांतर २४ आणि २५ मेला. चौथा शनिवार, म्हणजे दोन दिवस सलग मिळाले. शुक्रवारी संध्याकाळी सहाला पाचही शाखांना व्यवहार बंद करायला सांगितलं, कॅश जुळल्याचा फोन प्रत्येकाकडून घेतला आणि वहीत वेळ लिहिली. मेच्या शेवटी एवढा पाऊस नसतो, पण यंदा आधीच लागला. शनिवारी दुपारी लोड चालू असताना वीज गेली. यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांनी पन्नास मिनिटं तग धरला आणि वीज यायच्या आत लोड संपला. ते ११ हजार ठरावात मागताना एका संचालकांनी 'जुन्या चालतात की' म्हटलं होतं. आमचे शिपाई मामा पावसात जाऊन सगळ्यांना गरम भजी घेऊन आले. त्याचे १८० रुपये कुठल्या खात्यात टाकायचे हे अजून ठरलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी पावणेसातला ८३ वा रिपोर्ट जुळला. सोमवारी काउंटर वेळेवर उघडला. पहिल्या दिवशी दोन तक्रारी, दोन्ही प्रिंटरच्या.

एकूण खर्च झाला तो असा: यंत्र ६१ हजार ४००, बॅटऱ्या ११ हजार, त्या तरुणाचे सहा दिवस म्हणजे १८ हजार. ९० हजार ४००, भजी सोडून. जुनं यंत्र फेकू नका. आम्ही ते नेटवर्कवरून काढून, फक्त वाचायला, वर्षभर ठेवणार आहोत; जूनमध्येच दोनदा उपयोग झाला.

अनुपालन वरदी १२ जूनला दिली. दोन प्रती, कन्नडमध्ये, सोबत ठरावाची नक्कल आणि जुळलेल्या रिपोर्टांची यादी. पोच घेताना तारीख आणि आवक क्रमांक दोन्ही बघून घ्या. मला एकदा परत जावं लागलं, कारण शिक्का होता पण क्रमांक नव्हता. "नाळे बर्री," एवढंच उत्तर मिळालं, आणि मी दुसऱ्या दिवशी गेले.

त्या ३१ जणांचं काम जुलैत सुरू झालं. खूण नुसती बदलून चालत नाही, प्रत्येकाची कर्जाची फाइल उघडून, थकबाकी आजही आहे का बघून, मग स्वतंत्र ठरावानं. २२ झाल्या. त्यातल्या १४ जणांनी मधल्या काळात कर्ज फेडूनही टाकलेलं. ३४ वर्षांच्या ज्येष्ठ नागरिकाला जास्त दिलेलं व्याज परत मागायचं की सोडून द्यायचं ह्यावर मंडळात दोन बैठका चर्चा झाली, निर्णय पुढच्या बैठकीवर. उरलेल्या नऊ फायली खानापूर शाखेच्या कपाटात आहेत. येत्या गुरुवारी वसुलीच्या मुलाबरोबर जाऊन त्या घेऊन यायच्या आहेत, तो म्हणतोय, "अक्का, ह्या वेळी यादी आधी मला दाखव."